लुफ्तवाफे ऑफिसरचा खंजीर (१९३७ पॅटर्न, आल्कोझो मेक): वस्तू कशी निघाली, दुकान कसं आहे

आधी निकाल सांगून टाकते. वस्तूला पाचपैकी साडेचार, दुकानाला चार. खंजीर अस्सल निघाला, सगळे भाग मूळचे आहेत, किंमत वाजवी होती आणि मुख्य म्हणजे दुकानदारकाकांनी तो माझ्यासमोर पूर्ण उघडून दाखवला, जे फार कमी ठिकाणी होतं. गुण कापलेत ते सोबत घेतलेल्या, खंजीर लटकवायच्या पट्ट्यांमुळे, त्याचं खाली लिहिलंय. दुकान जर्मनीत, सुऱ्या-तलवारींसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलिंगेन शहराच्या जवळच्या एका गावात आहे, एकट्या माणसाचं आहे आणि मी तक्रारही लिहिणार आहे म्हणून नाव टाकत नाही.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिटलरच्या काळात जर्मन सैन्यातले ऑफिसर युनिफॉर्मवर कमरेला खंजीर लावायचे, तो मिरवायचा असायचा, पात्याला धारसुद्धा लावलेली नसते. भूदलाचा खंजीर १९३५ मध्ये आला. हवाईदलाचा, म्हणजे लुफ्तवाफेचा पहिला पॅटर्न त्याच सुमाराचा, मुठीला आणि म्यानाला निळं चामडं आणि लटकवायला साखळ्या. मग १९३७ मध्ये हवाईदलाने डिझाइनच बदललं: सेल्युलॉइडची पांढरी किंवा पिवळी मूठ, तिच्यावर पिळाची तार, परज (मूठ आणि पात्याच्या मधला आडवा भाग) म्हणून पंख पसरून उडणारा गरुड, मुठीच्या टोकाला ओकच्या पानांनी वेढलेला गोळा आणि करडं खरखरीत पोलादी म्यान. नौदलाचा खंजीर आधीपासूनच होता, १९३८ मध्ये त्याच्या टोकावरचा ज्वाळेचा आकार जाऊन तिथे गरुड बसला. मी घेतला तो हवाईदलाचा १९३७ वाला.

आता मुद्द्याचं. दुकानात खंजिराला जे लेबल लावलं होतं त्यावर नुसतं "१९३८" लिहिलं होतं. मी लगेच विचारलं की हे कशावरून, कारण या खंजिरांवर साल कोरलेलं नसतंच. ही गोष्ट नवीन घेणाऱ्याने डोक्यात पक्की बसवली पाहिजे. त्याच दुकानात मागच्या कपाटात के ९८ रायफलच्या संगिनी होत्या, त्यांच्यावर साल आणि बनवणाऱ्या कंपनीचा कोड दोन्ही असतात, उदाहरणार्थ सीओएफ म्हणजे कार्ल आयकहॉर्न, सीव्हीएल म्हणजे व्हायर्सबर्ग किर्शबाउम, एएसडब्ल्यू म्हणजे हर्स्टर. कारण संगीन सरकार विकत घेऊन सैनिकाला द्यायचं, त्याचा हिशोब, तपासणी, शिक्का सगळं व्हायचं. खंजीर मात्र ऑफिसर स्वतःच्या पैशाने युनिफॉर्मच्या दुकानातून घ्यायचा, दोन-चार मेकमधून आवडेल तो निवडून. खाजगी खरेदी असल्यामुळे साल टाकायचं कोणाला काही कारणच नव्हतं. त्यामुळे सोबत ऑफिसरची कागदपत्रं किंवा जुनं बिल नसताना कोणी एकच साल ठामपणे सांगत असेल तर त्याला विचारा. काकांना विचारल्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, मी अंदाजाने लिहिलंय, १९३७ ते १९४० म्हणा." आणि तिथल्या तिथे पेनाने लेबल बदललं. मला हे फार आवडलं.

मग १९३७ ते १९४० तरी कशावरून? तर धातूवरून. सुरुवातीच्या १९३७ पॅटर्नच्या खंजिरांचा गरुड, गोळा, म्यानाच्या पट्ट्या बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या असायच्या. युद्ध सुरू झालं, चांगला धातू विमानांना लागायला लागला आणि मग खंजिरांवर जस्ताचा मिश्रधातू आला, वरून मुलामा दिलेला. तो मुलामा आता बहुतेकांवरून उडालाय आणि खाली मळकट करडा रंग दिसतो, कधीकधी फोड आल्यासारखा. पहिल्या पॅटर्नमध्येही असंच, आधी निकेल सिल्व्हर मग ॲल्युमिनियम. म्हणजे काळ जसा पुढे सरकला तसा माल उतरत गेला आणि तो उतार हातात धरून बघता येतो. पुढे १९४२-४३ नंतर तर शोभेचे खंजीर बनवणं जवळपास थांबलंच.

ॲल्युमिनियम आणि जस्त ओळखायला लोहचुंबक कामाचं नाही, दोघांनाही चिकटत नाही. वजन बघायचं. जस्त ॲल्युमिनियमपेक्षा अडीचपट जड असतं. काकांकडे दोन्ही होते, त्यांनी दोन सुटे गरुड काढून माझ्या दोन तळहातांवर ठेवले, आकार तोच पण एक तळव्यात दबून बसलेला आणि दुसरा असून नसल्यासारखा. एकदा असं हातात घेतलं की पुन्हा कोणी शिकवायला लागत नाही. माझ्या खंजिराचा गरुड हलका आहे, चमक एकसारखी मंद पांढरट, कुठेही मुलामा उडालेला नाही कारण मुलामाच नाही. पिसांच्या टोकांना हात लागून लागून थोडी गुळगुळीत झीज आहे, पण पिसांमधल्या खाचा नीट खोल आणि स्वच्छ आहेत.

नकली मालात गडबड बहुतेक वेळा इथेच सापडते. खऱ्या गरुडावरून साचा घेऊन ओतलेला असेल तर पिसांच्या रेघा बसक्या होतात, खाचांमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात आणि कडेला साच्याची रेघ घासून काढल्याच्या खुणा असतात. दहापट भिंग घेऊन जा, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भागत नाही.

आता उघडण्याचं. मुठीच्या टोकाचा गोळा आट्यांवर बसवलेला असतो. काकांनी चामड्याचा तुकडा गुंडाळून तो हळूहळू फिरवला, गोळा निघाला, मग मूठ वर सरकवून काढली, मग गरुड आणि शेवटी पात्याच्या खांद्यावरची चामड्याची छोटी चकती. सगळे भाग मखमलीवर एका रांगेत मांडले. पात्याचा मुठीत जाणारा दांडा पाहण्यासारखा होता. पातं बाहेर निकेलने चकाकतंय आणि आतला दांडा काळपट तपकिरी, कधी कोणी पॉलिश न केलेला, त्यावर कानशीच्या मूळ रेघा, वरच्या टोकाला आटे त्याच पोलादात कापलेले. नकलीत बरेचदा वेगळा बोल्ट आणून दांड्याला वेल्ड केलेला असतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. चकतीचं चामडं गरुडाच्या तळाच्या आकारात दबून कडक झालं होतं, दाबाचा ठसा दोन्हीकडे जुळत होता, म्हणजे हे पातं आणि हा गरुड फार वर्षं एकत्र आहेत. मला तरी सगळ्यात खात्रीची खूण हीच वाटते, कारण पैसे घेऊन पितळ जुनं दिसेल असं करता येतं, लोखंडावर गंज चढवता येतो, पण दोन भागांनी एकमेकांवर बसून केलेला ठसा बनवायला फार कष्ट पडतात.

भाग एकमेकांचे आहेत का हे इतकं का बघायचं, तर सोलिंगेनमध्ये युद्ध संपलं तेव्हा कारखान्यांत सुटे भाग पडून होते. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा शहरात आल्या, सैनिकांना आठवण म्हणून काहीतरी हवं होतं, आणि उरलेल्या भागांतून खंजीर जुळवून विकले गेले. पुढे १९६० च्या दशकातसुद्धा व्यापाऱ्यांनी सोलिंगेनमधून उरलेले भाग उचलले आणि जोडून बाजारात आणले. आता अशा खंजिराचा प्रत्येक भाग अस्सल आणि तरीही तो खंजीर म्हणून कधीच कोणाच्या कमरेला लागलेला नाही. याला काय म्हणायचं यावर जमवणाऱ्यांत वाद आहेत. माझं मत असं की विकणाऱ्याने तसं स्पष्ट सांगितलं आणि किंमत कमी लावली तर हरकत नाही, लपवलं तर ती फसवणूक.

मूठ. मूळची पांढरट असणार, आता मधासारखी पिवळी झालीय आणि जिथे हाताचा तळवा येतो तिथे थोडी गडद. आत लाकूड आहे, वर सेल्युलॉइडचा पातळ थर. सेल्युलॉइड काळाने आकसतं त्यामुळे तार थोडी सैल झालीय आणि परजेपाशी केसाएवढी फट दिसते, हे चांगलं लक्षण आहे. अंगठ्याने जोरात चोळलं की कापराचा वास येतो, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. काही जण तापवलेली सुई टोचून बघा असं सांगतात, कृपा करून करू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं आणि वस्तूला कायमचं भोक पडतं. घरी ठेवताना बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नका, जुनं सेल्युलॉइड आम्ल वाफा सोडतं आणि त्याने जवळचा धातू खराब होतो. हवा खेळती पाहिजे. आणि ब्रासो वगैरे लावून चकचकीत करायचा मोह आवरा, मुलामा गेला की गेला.

मेकरच्या खुणेकडे वळते. पात्यावर परजेच्या जवळ कंपनीची खूण असते, आणि या खुणा इतक्या देखण्या आहेत की मी मुळात या छंदात त्यांच्यामुळेच आले. आयकहॉर्नची खार, व्हायर्सबर्ग किर्शबाउमचं शिरस्त्राण घातलेल्या सरदाराचं डोकं, हॉलरचा थर्मामीटर, रॉबर्ट क्लासचे चोचीला चोच लावलेले दोन क्रौंच, पूमाचं चौकटीतलं डोकं. काही कंपन्यांनी खूण मधूनमधून बदलली, आयकहॉर्नची खार तर वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या आकाराची आणि ढंगाची आहे, त्यामुळे ती बघून काळ आणखी नेमका करता येतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आरझेडएम आणि एम ७ असा शिक्का दिसला, जसं एम ७/६६ म्हणजे आयकहॉर्न, तर ती पक्षाच्या संघटनांच्या खंजिरांची पद्धत आहे. एसए (नाझी पक्षाचं गणवेशधारी दल) वगैरेंचा माल पक्षाच्या साहित्य खात्याच्या, म्हणजे आरझेडएमच्या ताब्यात होता, त्यांचे ते नंबर. भूदलाच्या किंवा हवाईदलाच्या ऑफिसरच्या खंजिरावर तो शिक्का दिसला की ठेवून द्या आणि बाहेर पडा. मी दुसऱ्या एका ठिकाणी भूदलाच्या खंजिरावर असा शिक्का प्रत्यक्ष पाहिलाय, वर किंमत चार आकडी.

माझ्या पात्यावर तराजू आहे आणि आल्कोझो, एसीएस, सोलिंगेन असं लिहिलंय. आल्कोझो म्हणजे अलेक्झांडर कॉपेल, सोलिंगेन. हे कॉपेल कुटुंब ज्यू होतं. १८२१ पासूनची कंपनी, गावात मोठा मान, गरिबांसाठी देणग्या, त्यांच्यातले गुस्टाव्ह कॉपेल तर सोलिंगेनचे मानद नागरिक. नाझी आले आणि कंपनी त्यांच्या हातून काढून घेतली गेली. कुटुंबातले डॉक्टर अलेक्झांडर कॉपेल यांना म्हातारपणी थेरेझिएनश्टाटच्या नाझी छळछावणीत पाठवलं आणि १९४२ मध्ये ते तिथेच गेले. आणि त्याच काळात त्यांच्या कुटुंबाच्या नावाची आद्याक्षरं असलेली पाती, वर हाकेनक्रॉइझ (नाझींचं स्वस्तिक) लावून, ऑफिसर कमरेला बांधून फिरत होते. ज्याने तो घातला त्याला हे माहीत होतं की नाही कोण जाणे. मी आल्कोझोच शोधत होते ते याच कारणासाठी. या वस्तू जमवताना त्या कोणाच्या आहेत, कोणाच्या रक्ताच्या आहेत हे नजरेआड करून नुसती पिसं आणि पानं मोजत बसणं मला जमत नाही, आणि माझ्या मते कोणालाच जमू नये. आज सोलिंगेनमध्ये अलेक्झांडर कॉपेल यांच्या नावाची शाळा आहे. काकांना हा सगळा इतिहास माहीत होता, त्यांनी न विचारता सांगितला आणि खंजिरासोबत त्याचं एका छापील पानाचं टिपणही दिलं. दुकानाला चार गुण आहेत त्यातला एक पूर्ण या पानासाठी.

आता तक्रार. खंजिराचे ४८० युरो दिले, ते ठीक. सोबत लटकवायच्या पट्ट्या आणि मुठीला बांधायचा चंदेरी गोंडा वेगळे ९० युरोला घेतले, बिलावर "युद्धकाळातील" असं लिहून. घरी येऊन अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर पट्ट्यांच्या मागच्या शिलाईचा धागा निळसर पांढरा लखलखला. कापडात आणि साबणात अशी चमक आणणारी रसायनं सर्रास आली ती युद्धानंतर. आता हा पुरावा शंभर टक्के नाही, कारण जुनं कापड कोणी आजच्या पावडरने धुतलं तरी चमकतं. पण इथे कापड अजिबात चमकत नव्हतं आणि फक्त शिलाई चमकत होती, म्हणजे कापड जुनं असेलही पण शिवण नंतरची. गोंडा मात्र स्वच्छ होता. फोन केला तर काका आधी थोडे तडकले, म्हणाले, "तीस वर्षं हे विकतोय." फोटो पाठवले, मग दोन दिवस काहीच उत्तर नाही. नंतर स्वतःहून फोन आला, पट्ट्यांचे पैसे परत केले आणि कबूल केलं की त्यांनी शिलाई कधी तपासलीच नव्हती. शेवट चांगला झाला, पण लेखी हमी देणाऱ्या माणसाने कापडही तेवढंच तपासायला हवं, खंजीर उघडून दाखवतो आणि पट्ट्या पिशवीत घालून देतो हे बरोबर नाही. आणि ते दोन दिवस गप्प बसणं नको होतं.

कायद्याचं पण बघून घ्या. जर्मनीत हाकेनक्रॉइझ जाहीरपणे दाखवणं दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे, शिक्षण आणि संशोधन वगैरेंसाठी अपवाद आहेत. त्यामुळे दुकानातल्या सगळ्या वस्तूंवर त्या चिन्हावर छोटा कागद चिकटवलेला असतो, जाहिरातीतल्या फोटोतही. वस्तू तपासताना काका कागद काढून दाखवतात, पुन्हा लावतात. घेतल्यावर पेटीत बंद करून न्यायचा, कमरेला लावून किंवा हातात घेऊन रस्त्याने जायचं नाही. भारतात न्यायचा विचार असेल तर आधी नीट चौकशी करा, शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब पात्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि या खंजिराचं पातं साधारण १० इंच येतं. मी नेणार नाही, इथेच ठेवणार.

भारताचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बाजारात फिरणाऱ्या नकली खंजिरांत आपल्याकडे आणि पाकिस्तानात बनलेल्या प्रती भरपूर आहेत, स्वस्तातल्या, त्या ओळखायला सोप्या. स्क्रूला प्लसची खाच असेल (मूळ म्यानांवर सरळ खाचेचेच असतात), मूठ एकसंध चकचकीत प्लास्टिकची असेल, पात्यावरची खूण उथळ आणि अक्षरं वाकडी असतील तर भिंगसुद्धा काढायला नको. "सोलिंगेन" लिहिलंय म्हणून अस्सल असं तर अजिबात नाही. जर्मनीत १९३८ मध्ये त्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं पण बाहेर कोण कोणाला थांबवतंय.

उलट बाजूने, अस्सल खंजीर आपल्याकडे एखाद्या घरात असायची शक्यताही खरी आहे. मराठा लाइट इन्फन्ट्री इटलीत जर्मनांशी लढली, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, एकाला १९४४ मधल्या लढाईसाठी आणि दुसऱ्याला एप्रिल १९४५ मधल्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कोणाच्या पणजोबांच्या ट्रंकेत असं काही सापडलं तर ते घासूपुसू नका, गोळा जोर लावून फिरवू नका, आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि सोबतची पत्रं, पासबुक, फोटो काही असेल तर ते एकत्र ठेवा. कोणाकडून, कुठे, कधी मिळाला हे लिहिलेला एक जुना कागदसुद्धा खंजिराचं वर्ष नक्की करायला धातूपेक्षा जास्त कामाला येतो.

दुकानात जायचं असेल तर शनिवारी सकाळी जा, गर्दी नसते आणि काका निवांत असतात. तपासायला वेळ लागणार हे आधी फोनवर सांगा, म्हणजे ते टेबल मोकळं करून ठेवतात. बिलावर मेकर, पॅटर्न, धातू आणि "सर्व भाग मूळ" हे शब्द लिहून घ्या, नुसतं "खंजीर" नको. कार्ड चालत नाही, रोख किंवा बँक ट्रान्सफर. हातात दिवस असेल तर सोलिंगेनच्या ग्रेफ्राटमधलं क्लिंगेनम्युझियमही बघून या, जुन्या मठाच्या इमारतीत आहे, शतकानुशतकांच्या तलवारी आणि सुऱ्या जवळून बघायला मिळतात आणि चांगलं पातं कसं दिसतं याची नजर तयार होते. भूदलाचा हॉलर मेकचा एक खंजीर काकांकडे अजून आहे, जस्ताचा, मुलामा बराच उडालेला, किंमत त्या मानाने जास्त लावलीय. घेणार असाल तर घासाघीस करा, ते ऐकतात.